तिसरा खटका

मादियून शहरातल्या कुठल्याही आळीत तेव्हा कुणाच्याही घरात एकदम अंधार झाला, की आतून एकच आरोळी उठायची : "जेग्लेक!" हा शब्द कुणी कुणाला शिकवला नव्हता. विजेचा खटका पडताना जो आवाज करतो, तेच त्याचं नाव. आरोळी ऐकली की घरातलं सगळ्यांत रिकामटेकडं माणूस बाहेर मीटरपाशी धावायचं आणि निळा खटका वर ढकलायचं. वेनिंगच्या माहेरी हा मान तिचा होता. वीज इतकी बेताची, की इस्त्री आणि पाण्याचा पंप यांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. वडील पहाटेच्या नमाजाआधी सदरा इस्त्री करून घेत, आणि इस्त्री भिंतीशी टेकून ठेवलेली दिसली की मगच आई पंप लावी. त्या दोघांचा संसार सुखाचा झाला याचं श्रेय वेनिंग अजूनही निम्मं त्या खटक्याला देते. वाद अगदी रंगात आला, की कुणीतरी चुकून पंखा लावायचं, आणि अंधारात भांडायला कुणालाच मजा येत नाही.

स्वतःच्या घरात मात्र याच खटक्याने तिच्या तोंडचं पाणी पळवलं.

कारण होतं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. तिथे काचेच्या सेहेचाळीस बाटल्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीत वेनिंगचं दूध, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर तारीख-वेळ. तिची लेक गेंधिस साडेतीन महिन्यांची होत होती. रजा संपत आली होती. येत्या सोमवारपासून वेनिंगला शहराबाहेरच्या हवामान केंद्रात हजर व्हायचं होतं. तिथे तिचं काम म्हणजे पाऊस, वारा आणि उष्मा यांच्या वेळच्या वेळी नोंदी घेणं. दिवसभर गेंधिस राहणार होती भिंतीपलीकडच्या कार्सिनी काकूंकडे, तिथल्या भाषेत बू कार्सिनींकडे. म्हणजे वेनिंगच्या जिवाचे दोन भाग होणार होते : एक भिंतीपलीकडे, आणि एक बर्फाच्या कप्प्यात.

आणि खटका रोज पडत होता.

त्याच आठवड्यात, बुधवारी, गेंधिसला लस टोचून आणून मग सासूबाईंकडे जाऊन सगळे संध्याकाळी घरी आले, तर घर अंधारं आणि फ्रीजखाली तळं. वरच्या रांगेतल्या पाच बाटल्या मऊ पडल्या होत्या. त्या मोरीत ओतताना वेनिंग रडली नाही. फक्त प्रत्येकीवरची तारीख तिने मोठ्याने वाचली. तिचा नवरा प्रसोजो शाळेत इतिहास शिकवायचा. मोठमोठ्या राज्यांचे अंत त्याने न डगमगता शिकवले होते, पण तो त्या वेळी अंगणात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतला तो विजय मिळवूनच. हातात कागदाचा पुडका.

"हे बघ. मोठा खटका. दुकानदार म्हणाला, जुन्याच्या अडीचपट झेपतं याला. आतल्या पेटीतला जुना काढायचा, हा बसवायचा, की झालं. आता तू इस्त्री कर, मी भात लावतो, फ्रीजही चालू दे."

"मास, तुम्ही बसवणार?" नवऱ्याला ती तिथल्या रिवाजाने 'मास' म्हणायची.

"पाक सुगेंग बसवतील."

पाक सुगेंग, म्हणजे सुगेंगकाका, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वीजतंत्री. शिवाय आळीचे प्रमुखही तेच. म्हणजे आळीत कुणाचं लग्न, मरण किंवा फ्यूज उडाला तरी बोलावणं त्यांनाच. त्यांनी नवा खटका उलटसुलट करून पाहिला आणि फार मायेने परत पुडक्यात बांधला.

"गुरुजी, घराच्या आतला दरवाजा रुंद केला, तर रस्त्यावरचं फाटक रुंद होतं का हो?"

प्रसोजोने पुडका परत हातात घेतला.

"तुमच्या घरात दोन पेट्या. बाहेर मीटरपाशी एक निळा खटका. तो वीज कंपनीचा, मोहोरबंद. तुमच्या घराला चार अँपियर मंजूर. त्याहून जास्त ओढलंत, की तो पडणार. आत स्वयंपाकघराच्या दारावर दुसरी पेटी. तिच्यात चार खटके. ते घराच्या चार वाटा राखतात. एखाद्या वाटेवर गर्दी झाली तर तिथला पडेल, सगळं घर नाही. आता आतला खटका मोठा बसवलात, तर बाहेरचा पडायचा तो पडणारच. वर भिंतीतली बारीक तार तापून तापून एक दिवस जळेल. खटका पडतो तो तार वाचावी म्हणून. तार जळली तर भिंत फोडावी लागते. खटका पडला तर काय, गुरुजी अंधारात ठेचकाळतात. कुठलं स्वस्त?"

हे उदाहरण त्यांना दुसरंही देता आलं असतं, असं प्रसोजोला वाटलं.

"मग कुठल्या वाटेवर काय आहे?" वेनिंगने विचारलं.

"ते हार्जोसुवितोंनाच माहीत," पाक सुगेंग म्हणाले, आणि चहा न घेताच उठले. चहा सोडून जाणारे ते नव्हेत. वेनिंगने ही नोंद मनात करून ठेवली. हार्जोसुवितो हे घराचे आधीचे मालक. सहा वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे त्यांना विचारणं अवघड होतं.

वेनिंगने वही काढली. खरं तर वही आधीपासूनच होती. ज्या बाईला पावसाचा थेंबही मोजून घ्यायची सवय, ती घरातला अंधार मोजल्याशिवाय कशी राहील? वार, वेळ, त्या वेळी घरात काय चालू होतं, सगळं तीन महिने लिहिलेलं. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. इस्त्रीने पडलेले खटके होते, कुकरने पडलेले होते. पण रोज दुपारी दोनच्या आसपास एक खटका असा पडत होता, की त्यापुढच्या 'कारण' या रकान्यात फक्त रेघ होती.

"आजच्या आज चारही खटक्यांना नावं द्यायची," तिने जाहीर केलं. "मी एकेक पाडते. तुम्ही गेंधिसला घेऊन घरभर फिरा आणि काय काय गेलं ते ओरडून सांगा."

पहिला पाडला. "पुढची खोली गेली! पंखा गेला! आणि... न्हाणीघराचा दिवाही गेला!" पुढची खोली आणि न्हाणीघर एका वाटेवर का, हे विचारायला पुन्हा हार्जोसुवितोंकडेच जावं लागलं असतं. दुसरा पाडला. "फ्रीज गेला! पंपही!" वेनिंगने तो घाईघाईने वर केला. चौथा पाडला. "झोपायची खोली!" मग राहिलेला तिसरा पाडला.

"बोला!"

"काही नाही!"

"नीट बघा!"

"सगळं चालू आहे गं! अंगणातला दिवा लावून पाहिला, तोही चालू!"

त्याच क्षणी भिंतीपलीकडून बू कार्सिनींचा आवाज आला, "झोपलं मेलं यंत्र! आज वेळेआधीच झोपलं!"

बू कार्सिनी शेंगदाण्यांचा सांबल, म्हणजे तिखट चटणी, करून विकायच्या. मादियूनमध्ये सांबल करणाऱ्या बायका रस्त्याच्या दिव्यांपेक्षा जास्त, पण त्यांच्या सांबलला गिऱ्हाईक सुराबायाहून यायचं. गेल्या ईदेला त्यांनी दाणे दळायचं मोठं यंत्र घेतलं होतं. त्या यंत्राला रोज दुपारी वामकुक्षी लागते, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. चालता चालता ते बंद पडायचं, थोड्या वेळाने आपलं आपण जागं व्हायचं. "जुनं कधी झोपलं नाही," बू म्हणायच्या, "ही नवी पिढीच आळशी."

वेनिंगने तिसरा खटका वर केला.

"उठलं!" भिंत म्हणाली.

खाली केला.

"अगंबाई!"

वर केला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या प्रसोजो आणि वेनिंग यांनी एकमेकांकडे पाहिलं. गेंधिस तेवढी हसली.

संध्याकाळी पाक सुगेंगना गाठलं, तेव्हा ते फाटकाला तेल घालत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तार मीच टाकली होती," ते फाटकाकडे बघत म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली. कार्सिनीच्या नवऱ्याने अंथरूण धरलेलं, त्यांच्या घरी वीज नव्हती. हार्जोसुवितो म्हणाले, माणूस उकाड्याने तरी मरू नये, भिंतीतून एक तार टाक. मग पुढे तिचं स्वतःचं मीटर आलं. पण जुन्या वाटेवरची बटणं तशीच राहिली. कुठली कुठली, तिलाही माहीत नाही. ती समजते, सगळं तिच्या मीटरवरच आहे."

"आणि बाकी कुणाला माहीत आहे?"

"आळीला."

"सगळ्या आळीला? मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत," पाक सुगेंग कळवळून म्हणाले, "आणि आपणहून सांगायचं म्हणजे... बरं दिसतं का ते?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या आळीत तर ती सगळ्यांची थोरली बहीण होती. रात्री जेवताना नवरा-बायकोत एक शांत लढाई झाली.

"मास, तुम्ही सांगा बूंना. तुम्ही गुरुजी आहात."

"मी इतिहासाचा. शिवाय हे बायकाबायकांमधलं."

"काय सांगू? 'बू, तुमचं यंत्र आमची वीज खातं आणि त्यामुळे माझ्या पाच बाटल्या गेल्या' असं? आणि सोमवारी गेंधिसला त्यांच्याच हातात देऊ?"

"मग तिसरा खटका गुपचूप पाडून ठेव."

"म्हणजे त्यांचा धंदा बुडवू?"

प्रसोजोने स्वतःला आणखी भात वाढून घेतला. मग वेनिंगला शिकल्यासवरल्या माणसाला सुचतो तो मार्ग सुचला. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी न बोलता, अर्ज करायचा. घराची वीजच वाढवून घ्यायची. यंत्रही चालेल, फ्रीजही चालेल, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही.

शुक्रवारी सकाळी ती गेंधिसला झोळीत बांधून वीज कचेरीत हजर. खिडकीमागच्या बाईंनी कागद पाहिले.

"मीटर श्री. हार्जोसुवितो यांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः यावं लागेल."

"ते वारले."

"अरेरे. मग त्यांचं पत्र आणा."

"सहा वर्षांपूर्वी वारले."

बाईंनी चष्मा काढला. "मग सहा वर्षं वीज कोण वापरतंय?"

"आम्ही," वेनिंग म्हणाली, आणि 'आणि थोडी दुसरंही कुणी' हे शब्द तिने दातांमागे धरून ठेवले.

"मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, घराचं खरेदीखत. वारस किती?"

"पाच. त्यातले एक जहाजावर असतात."

"कुठल्या?"

"समुद्रातल्या," वेनिंग म्हणाली. पाच बाटल्या ओतल्यापासून तिचा संयम जरा पातळ झाला होता.

बाईंना मात्र तिची दया आली. "असं करा, अर्ज तर ठेवा. आमचा माणूस आज-उद्या घरी येऊन आतलं तारकाम तपासेल. कुठे काही बेकायदा जोडलेलं नसलं, की पुढचं बघू."

वेनिंगने अर्ज असा खेचून घेतला, की त्याचा एक कोपरा बाईंच्या हातातच राहिला.

शनिवार उजाडला. तिथे सात वारांबरोबर पाच बाजारवारांचंही चक्र चालतं, आणि जन्मवार व बाजारवार यांची गाठ दर पस्तिसाव्या दिवशी पुन्हा पडते. गेंधिसचा तसा तिसरा फेरा त्या दिवशी पुरा होत होता. आळीत भात वाटायचा होता. अशा वेळी यजमानीण स्वयंपाक करत नाही. शेजारणी येतात आणि तिच्या घराचा ताबा घेतात. पहाटेपासून चार शेजारणी आल्या, बू कार्सिनींच्या हुकमतीखाली. 'यजमानिणीला भांड्यांची तोशीस नको' म्हणून प्रत्येकीने आपापला विजेचा कुकर आणला होता. इतकी समजूतदार माणसं जगात दुसरीकडे असतील, असं वेनिंगला वाटत नाही. चौघींनी कुकर भरले. जिला जिथे भोक दिसलं तिथे तिने प्लग खुपसला.

"जेग्लेक!" पाच तोंडांनी एकदम.

प्रसोजो धावला, खटका वर केला. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा धावला. शेजारणींचं म्हणणं पडलं, की गुरुजी खटका वर करतात पण मनापासून करत नाहीत. मग एकेकीने जाऊन मनापासून केला. सातव्या वेळी निळा खटका वर जाईचना. ढकलला की मऊसा खाली यायचा, थकलेल्या म्हशीसारखा.

पाक सुगेंगनी त्याला हात लावून पाहिला. "तापलाय. आत एक पट्टी असते. ती तापून वाकते, मग खटका सुटतो. निवायच्या आत वर ढकलायचा नसतो." अर्धा तास वाट पाहिली. निवला, पण उभा राहिला नाही. "मोडला बिचारा. कंपनीचा माणूसच बदलू शकतो. मी फोन करतो."

वेनिंग फ्रीजसमोर पाट टाकून बसली. "कुणी दार उघडायचं नाही."

"न्दुक, सरबताला बर्फ तेवढा..." एक शेजारीण म्हणाली. तिथल्या बायका लेकीला 'न्दुक' म्हणतात, आणि त्या शब्दापुढे नाही म्हणणं कठीण.

"नाही," वेनिंग म्हणाली. या पोरीने मोठ्या माणसाला सरळ 'नाही' म्हटल्याचं ते पहिलंच. तिचं तिलाही नवल वाटलं.

बू कार्सिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग फ्रीजकडे. "किती बाटल्या आहेत गं?"

"एकेचाळीस."

"सुगेंग!" बूंनी हाक मारली, "माझ्या घरातून लांब वायर टाक. भिंतीवरून आण, फ्रीजला जोड. माझी वीज कधी जात नाही."

ऐकणाऱ्या शेजारणींनी एकदम कुकरांची झाकणं पुसायला घेतली.

पाक सुगेंग वायर घेऊन पलीकडे गेले. मागोमाग बू, त्यांच्यामागे आख्खी मंडळी. स्वयंपाकघरातल्या बटणात वायर लावली. इकडे फ्रीज गप्पच. दुसऱ्या बटणात लावली. गप्प. बूंनी तावातावाने दळणयंत्र चालू केलं. ते हललं नाही. निजायच्या खोलीतला पंखा लावला. हलला नाही. पुढच्या खोलीतला दिवा मात्र लखकन लागला.

बू कार्सिनी मधल्या दारात उभ्या राहिल्या. एका बाजूला उजेड, एका बाजूला मेलेलं यंत्र. कुणी काही सांगायची गरजच उरली नव्हती. वेनिंगच्या घरात वीज नव्हती आणि बूंच्या घरात नेमकं काय काय बंद होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हळूहळू लाल.

"पुढच्या खोलीत लाव," त्या पाक सुगेंगना एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

फ्रीज घुरघुरला. वेनिंगला आयुष्यात पहिल्यांदा हवी ती गोष्ट मिळून वाईट वाटलं.

कंपनीचा माणूस दुपारी आला. भरघोस मिशांचा, घामाघूम. त्याने मीटर पाहिलं : मेलेलं. घरात डोकावून पाहिलं : फ्रीज चालू.

"ही वीज कुठली?"

"शेजारची. आत्तापुरती," प्रसोजो म्हणाला.

"आणि या पेटीतली ही तार भिंतीत कुठे जाते?"

"शेजारी. पूर्वीपासूनची."

"म्हणजे तुमची वीज त्यांच्याकडे आणि त्यांची तुमच्याकडे?" माणसाने मिशा पुसल्या. "हे मी कागदावर कसं लिहू?"

उत्तर म्हणून चार शेजारणींनी त्याला चटईवर बसवलं आणि त्याच्यापुढे चुलीवर शिजवलेला भात, कोंबडी आणि उकडलेल्या भाज्या मांडल्या. जेवता जेवता त्याने आळीचा पंचवीस वर्षांचा इतिहास ऐकला. हात धुऊन तो म्हणाला, "मी खटका बदलतोय. बदलून होईपर्यंत ती भिंतीतली तार नसली, तर मी ती पाहिलेलीच नाही."

पाक सुगेंगनी पक्कड उचलली. तार कापली आणि पलीकडची बटणं बूंच्या मीटरवर घेतली. ती तार टाकली तेव्हा त्यांचे केस काळे होते.

रविवारी बू कार्सिनी दिसल्या नाहीत. यंत्राचा आवाज नाही, हाक नाही. पाठवलेलं भाताचं ताट रिकामं होऊन आलं, तेही दुसरीच्या हाती. वेनिंगने दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणं पसंत केलं. एकेचाळीस बाटल्या गोठून दगड झाल्या होत्या, आणि त्या पाजायला माणूस नव्हतं. रात्रभर ती छताकडे बघत पडली. सोमवारी हजर न झाल्यास केंद्रप्रमुखांना लिहायच्या पत्राचे तिने तीन मसुदे मनात केले. तिन्हींत खरं कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला दार वाजलं. बू कार्सिनी. ओले केस, नवी झोळी खांद्यावर.

"बाटली किती गरम करायची ते सांग," त्या वेनिंगकडे न बघता म्हणाल्या. "आणि थोडक्यात सांग. मी रागावलेय."

"कुणावर, बू?"

"ते अजून ठरलं नाही. पोर दे इकडे."

दुपारी दोनला वेनिंग वाऱ्याचा वेग लिहीत होती, तेव्हा फोन वाजला. आकडा अर्धवट टाकून तिने तो उचलला.

"न्दुक," पलीकडून बू कुजबुजल्या, "यंत्र झोपलं. पण या खेपेला पुढच्या खोलीतला दिवाही झोपला. सगळंच गेलं. हे काय झालं गं?"

"बू, तुमचा खटका पडला."

"माझा? माझा कधी पडत नाही!"

"आता पडणार. यंत्र आता तुमच्याच मीटरवर आहे ना. दळताना बाकी सगळं बंद ठेवायचं. गेंधिस?"

"मांडीवर आहे. दुसरी बाटली चाललीय. काय करू सांग."

"आधी यंत्राचं बटण बंद करा. केलंत? आता बाहेर मीटरपाशी जा. निळा खटका दिसतोय? लगेच वर करू नका. तापलाय तो. निवू द्या."

"बरं."

दोघी थांबल्या. फोनमधून गेंधिसचं चुटुचुटु पिणं ऐकू येत होतं, मध्येच एक सुस्कारा, पुन्हा चुटुचुटु.

"का नाही सांगितलंस मला?" बूंनी विचारलं.

"भीड वाटली."

"हूं." पलीकडे गेंधिसला थोपटणं चाललं. "न्दुक, बुधवारच्या त्या बाटल्या... माझ्या दळण्यामुळे गेल्या ना?"

वेनिंगच्या वहीत बुधवारपुढे दुपारी दोनची वेळ होती, बंद पडलेल्या विजेच्या घड्याळावरून घेतलेली. खोटी नोंद तिने जन्मात कधी केली नव्हती.

"नाही हो, बू. त्या दिवशी मीच फ्रीजचं दार नीट लावलं नव्हतं."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "धांदरटच आहेस तू आधीपासून," बू जरा सैल आवाजात म्हणाल्या. "निवला असेल का गं आता?"

"अजून एक मिनिट थांबा," वेनिंग म्हणाली, आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला. खटका केव्हाच निवला होता.